१०५ टक्के पाऊस आणि आपला नळ

पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मंगळवारी, १५ एप्रिलला, हवामान खात्याने यंदाच्या म्हणजे २०२५ च्या मान्सूनचा पहिला अंदाज जाहीर केला. सरासरीच्या १०५ टक्के. बातमी आली आणि दहा मिनिटांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे, फुलं, गणपती बाप्पा सगळं येऊन गेलं. एका काकांनी लिहिलं, "सुटलो बुवा! यंदा टँकरचा खर्च वाचला." मी फक्त एवढंच लिहिलं की हे १०५ टक्के आपल्या टाकीत येणार नाहीत. त्यावर उत्तर आलं, "तुम्हाला चांगलं काही दिसतच नाही का हो?"

दिसतं. अंदाज चांगलाच आहे. पण त्याचा आपल्या नळाशी जेवढा संबंध आपण लावतो, तेवढा तो नाही. ग्रुपवर हे दोन ओळींत सांगता येईना, म्हणून इथे लिहितोय.

आधी हा आकडा म्हणजे काय ते बघू.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभरात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची ही सरासरी आहे. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरीइतका. १०५ ते ११० म्हणजे सरासरीपेक्षा जास्त. ११० च्या वर अतिवृष्टीचं वर्ष, ९० च्या खाली तुटीचं. म्हणजे यंदाचा आकडा "जास्त" या खोलीच्या उंबऱ्यावर उभा आहे. शिवाय खातं स्वतःच सांगतं की यात पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. म्हणजे १०० ते ११० यातलं काहीही.

त्याच पत्रकात आणखी एक गोष्ट होती, जी बातम्यांत मथळ्याखाली दबली. शक्यता. सरासरीपेक्षा जास्त किंवा त्याहूनही जास्त पाऊस होण्याची शक्यता ५९ टक्के, सरासरीइतका होण्याची ३० टक्के, आणि कमी होण्याची ११ टक्के. माझ्या मते खरा अंदाज हा आहे. नऊदा छान, एकदा फसगत. कोणी शहाणा माणूस अशा वेळी त्या एका वेळेची सोय करून ठेवतो की नाही? आपण मथळा वाचतो आणि बादल्या माळ्यावर टाकतो.

आता तुम्ही म्हणाल, हवामान खात्याचं काय घेऊन बसलात, ते म्हणतात पाऊस तर छत्री घरी ठेवावी. हा विनोद माझ्या लहानपणापासून ऐकतोय. म्हणून मागच्या सहा वर्षांचा हिशोबच मांडतो. आधी एप्रिलमधला अंदाज, मग प्रत्यक्षात झालेला पाऊस:

२०१९: अंदाज ९६, झाला ११०.
२०२०: अंदाज १००, झाला १०९.
२०२१: अंदाज ९८, झाला ९९.
२०२२: अंदाज ९९, झाला १०६.
२०२३: अंदाज ९६, झाला ९४.
२०२४: अंदाज १०६, झाला १०८.

पाच टक्क्यांच्या आत किती बसले? सहापैकी तीन. निम्मे. आणि जे तीन चुकले, ते तिन्ही एकाच बाजूला चुकले. पाऊस अंदाजापेक्षा जास्त झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याआधीचा इतिहास मात्र इतका सुखाचा नाही. २००२ साली अंदाज १०१ टक्के होता, झाला ८१. त्या जुलैत पावसाने दडी मारली ती मारलीच. २००९ मध्ये ९६ सांगितला, झाला ७८. उलट १९९७ मध्ये प्रशांत महासागरात शतकातल्या सगळ्यात तगड्या एल निनोंपैकी एक होता, सगळे धास्तावले होते, आणि पाऊस झाला १०२ टक्के. आकाशाला आपलं वेळापत्रक माहीत असतं, आपल्याला नसतं.

आणि गंमत बघा, हा सगळा उद्योग सुरू झाला तो बर्फावरून. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनचे हाल हाल झाले. हवामान खातं तेव्हा नुकतंच, १८७५ मध्ये सुरू झालेलं. त्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड. त्यांच्या लक्षात आलं की हिमालयावर हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त साचला की पुढचा पावसाळा मार खातो. त्या आधारावर १८८६ पासून अधिकृत अंदाज सुरू झाले. म्हणजे युरोपात लोक यंदा बर्फ किती पडणार हे घसरगुंडीच्या हौसेसाठी विचारतात, आपल्याकडे तोच प्रश्न पोटासाठी विचारला गेला. पुढे १८९९ मध्ये अंदाज चांगल्या पावसाचा आला आणि पडला छप्पन्नाचा दुष्काळ. मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे घासूनपुसून प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला तो झोका शोधला, ज्याचं नातं आज आपण एल निनोशी लावतो.

१९२८ मध्ये हे कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरला "सिमला ऑफिस"चा स्टॉप आहे ना, तेच ते. आपल्यातले कित्येक जण आयुष्यभर त्या स्टॉपवर उतरले, पण पुण्यात सिमला कुठून आलं हे कोणी विचारलं नाही. पुढे १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं सूत्र आणलं, ते २००२ ला तोंडावर पडलं आणि बदललं गेलं. आता पाषाणच्या आयआयटीएममध्ये महासंगणक आहेत, समुद्र आणि वातावरण एकत्र चालवून बघणारी मॉडेल्स आहेत. बर्फ मात्र अजूनही हिशोबात आहे. यंदाच्या पत्रकात लिहिलंय की जानेवारी ते मार्चमध्ये युरेशियात आणि उत्तर गोलार्धात बर्फ कमी होता, आणि ते आपल्या पावसाला अनुकूल आहे. फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फच नाही म्हणून हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले होते, आठवतंय? त्यांचं दुःख ते आपलं सुख, असंही सरळ गणित नाही. काश्मीर म्हणजे युरेशिया नव्हे. पण बर्फाकडे बघून पाऊस सांगायची ही पद्धत जवळजवळ दीडशे वर्षं जुनी आहे आणि अजून मोडीत निघालेली नाही.

तर खातं काही गाढव नाही. हो, मृगाचं वाहन गाढव असू शकतं. पंचांगात दर नक्षत्राचं वाहन आम्ही लहानपणी तोंडपाठ करायचो. बेडूक, म्हैस, हत्ती आला की आजोबा खूश. पंधरा दिवसांनी अक्षय तृतीया आली की बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी होईल आणि तिच्याही बातम्या येतील. मी त्याची टिंगल करणार नाही. पाऊस कसा होईल हे विचारणं ही शेतकऱ्याची गरज आहे, करमणूक नाही. पण विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांनाही प्रश्न नीट माहीत हवा. आपला, चिंचवडकरांचा, प्रश्न काय आहे?

इथे खरी गोष्ट सुरू होते.

देशाची सरासरी म्हणजे चेरापुंजी आणि जैसलमेर एका ताटात वाढून काढलेला आकडा. आपल्याला नकाशा फार लांबचा लागत नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून लोकलने तासाभरावर असलेल्या आपल्या भागात सातशेच्या आसपास. चिंचवडच्या रस्त्यावर पडलेल्या पावसाने चिंचवडची तहान भागत नाही. आपलं पाणी पडतं मावळात, घाटमाथ्याजवळ, पवना धरणाच्या पाणलोटात. त्यामुळे गॅलरीतून हात बाहेर काढून "यंदा काही खरं नाही" म्हणणारे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर १०५ टक्के बघून नाचणारे, दोघेही चुकीच्या ठिकाणी बघतायत.

आता पवनेचा हिशोब. धरणाचा उपयुक्त साठा ८.५१ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. म्हणजे भरलेलं धरण सुमारे २४,००० कोटी लिटरचं. आपली महापालिका रावेतच्या बंधाऱ्यातून रोज साधारण ५० कोटी लिटर उचलते. वर्षाचे झाले सव्वाअठरा हजार कोटी, म्हणजे साडेसहा टीएमसीच्या जवळपास. उरलेल्यात एमआयडीसी, तळेगाव, देहूरोड, नदीकाठची गावं, शेती आणि उन्हाने उडून जाणारं पाणी.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली. घाटातला पाऊस इतका दांडगा असतो की देशाचा आकडा ९६ असो वा १०६, पवना बहुतेक वर्षी भरते, आणि भरून सांडव्यावरून खाली सोडावी लागते. १०५ टक्क्यांमुळे धरण मोठं होत नाही. ८.५१ चं ते ८.५१ च राहतं. वरचं पाणी मोरया गोसावींच्या समाधी मंदिराच्या पायऱ्या चढून पुढे उजनीकडे जातं.

दुसरी. आपल्या उन्हाळ्याच्या शेवटी महत्त्वाचा असतो तो पाऊस किती हा नाही, तर कधी हा. केरळात साधारण १ जूनला आणि आपल्याकडे १० जूनच्या सुमाराला मान्सून येतो, पण धरणात पाणी वाढायला जुलै उजाडतो. "१५ जुलैपर्यंत पुरेल एवढा साठा आहे" हे वाक्य दर मे महिन्यात पेपरात वाचून वाचून पाठ झालंय. समजा पाऊस पंधरा दिवस लांबला. पन्नास कोटी गुणिले पंधरा, ७५० कोटी लिटर. म्हणजे पाव टीएमसीपेक्षा किंचित जास्त. भरलेल्या धरणाच्या तीन टक्के! बाकीच्या गरजा धरून दुप्पट समजा. तरी सहा टक्के. एवढं पाणी ऑक्टोबरपासून हिशोबाने बाजूला ठेवता येणार नाही का? पाऊस लांबणं हे संकट आहे, पण आधीपासून माहीत असलेलं, मोजता येणारं संकट आहे. त्याला नियोजन म्हणतात. नवस नव्हे.

अपवाद होतात, हे मान्य. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं देशभरात तूट आली, ८८ आणि ८६ टक्के, आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशी जोडवर्षं आली की कोणाचंच चालत नाही. आपल्यालाही तेव्हा कपातीत राहावं लागेल आणि आपण राहू. पण ती वर्षं अपवादाची. आपण तर नेहमीच्या वर्षांबद्दल बोलतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरची यादी पुन्हा बघा. पहिली ओळ. २०१९, झाला ११० टक्के. त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, पवना भरून वाहिली, आपल्याकडे नदीकाठची घरं पाण्यात गेली. आणि त्याच वर्षी, धरण भरलेलं असताना, २५ नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं. सांगितलं होतं की तात्पुरतं आहे, सगळ्यांना सारखं पाणी मिळावं म्हणून आहे.

आज साडेपाच वर्षं होतील. दिवसाआडच आहे.

या साडेपाच वर्षांत १०९ टक्के पाऊस झाला, ९९ झाला, १०६ झाला, ९४ झाला, १०८ झाला. आपला नळ एक दिवसही बधला नाही. ज्या पोराने त्या वर्षी बालवाडीत नाव घातलं, ते आता चौथी-पाचवीत आहे आणि त्याला वाटतं पाणी दिवसाआडच असतं, जसा रविवार आठवड्यातून एकदाच असतो.

म्हणून म्हणतो, आपली टंचाई आकाशातली नाही. ती धरण आणि नळ यांच्यामधली आहे. धरणातून सुटलेलं पाणी रावेतपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर उघड्या नदीतून येतं. मग उपसा, मग निगडीचं शुद्धीकरण केंद्र, मग टाक्या, मग जुन्या-नव्या वाहिन्या, मग गळती आणि चोरी, आणि मग तुम्ही-आम्ही. यातली प्रत्येक कडी ठरावीक ताकदीची आहे. १०५ काय, १२५ टक्के पाऊस पडला तरी पंप जेवढं उचलतो तेवढंच उचलणार.

आणि खालून मागणी वाढतेय. २०११ च्या जनगणनेत आपण सव्वासतरा लाख होतो. नंतर जनगणनाच झाली नाही. पण पुनावळे, ताथवडे, रावेत, चऱ्होली, मोशी, चिखली या बाजूला एक चक्कर मारा, मग जनगणनेची गरज वाटणार नाही. माणशी १३५ लिटर आणि घरात चार माणसं धरली तर दहा हजार नवे फ्लॅट म्हणजे रोज ५४ लाख लिटर. दर वर्षी. ताबा देताना चावी मिळते, पाण्याची हमी मिळत नाही. पाऊस पंधरा दिवस लांबला तर धरणाचे तीन टक्के एकदाच जातात. ही वाढ दर दिवशी, कायमची जाते. सिमला ऑफिसने कितीही बरोबर अंदाज दिला तरी या वाढीचा अंदाज त्यांनी द्यायचा नाहीये. तो महापालिकेने द्यायचा आहे.

उपाय नाहीत असं नाही. आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून मिळून रोज २६७ दशलक्ष लिटर आपल्यासाठी मंजूर आहे. आंद्राचं १०० चिखलीच्या केंद्रात यायला लागलं. भामा आसखेडचं १६७ अजून यायचंय. आणि पवनेची बंद जलवाहिनी. तिच्याबद्दल बोलताना मात्र आवाज खाली घेऊन बोलावं. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. त्यात एक बाई होती. पवना धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यातल्या अनेकांचं पुनर्वसन पन्नास वर्षांनीही पुरं झालेलं नाही. आपण ज्याला "आपलं पाणी" म्हणतो ते त्यांच्या शेतावर साचलेलं आहे. तेव्हा "मावळवाले अडवतात" असं जेव्हा कोणी ग्रुपवर लिहितं, तेव्हा मला लाज वाटते. आधी त्यांचं देणं द्या, मग वाहिनीचं बोला. आणि तोवर निदान गळती थांबवा. त्याला मावळातून कोणी अडवत नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूने. हा १०५ चा आकडा आपल्या शहराला अगदीच लागू नाही असं नाही. भोसरीत माझा एक मित्र आहे, छोटं वर्कशॉप, सात-आठ मशीन. दुचाकी आणि ट्रॅक्टरचे पार्ट करतो. त्याला मी विचारलं, अंदाज वाचलास का? म्हणाला, "वाचला म्हणजे? मी मटेरियलचा फोन पण लावला." त्याचं गणित साधं आहे. पाऊस चांगला, तर विदर्भ-मराठवाड्यात, यूपी-बिहारात पीक बरं. पीक बरं तर दसरा-दिवाळीला गाडी. गाडी निघाली तर चाकणहून शेड्यूल वाढणार, शेड्यूल वाढलं की पोरांना ओव्हरटाइम. त्याच्यासाठी देशाची सरासरी हा खरा आकडा आहे, कारण त्याचं गिऱ्हाईक देशभर पसरलंय. या पट्ट्यातल्या हजारो घरांची दिवाळी अशीच ठरते.

पण तोसुद्धा म्हणाला, "एकूण किती यापेक्षा कसा पडतो ते बघायचं." बरोबर आहे. २०२३ चा अंदाज जवळपास अचूक ठरला, ९६ ला ९४. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन फुलावर असताना पाऊस गेला. सरासरी बरोबर आली, शेतकरी बुडाला. सरासरीत नदी ओलांडायला गेलेला माणूस कसा बुडाला ती गोष्ट तुम्हाला माहीत आहेच.

आणि बुडण्यावरून आठवलं. मघाशी म्हटलं होतं लक्षात ठेवा. मागच्या सहा वर्षांतल्या तिन्ही मोठ्या चुका जास्त पावसाच्या बाजूच्या होत्या. यंदा मुळात अंदाजच १०५ चा आहे. मग आपण एप्रिलमध्ये टंचाईबद्दल भांडायचं, की पुराबद्दल विचारायचं? दोन्ही. पण दुसरं कोणी विचारतच नाही. मागच्या जुलैत पवनेचं पाणी पुन्हा मोरयांच्या मंदिरात शिरलं. दर वेळी तोच फोटो, तेच "विहंगम दृश्य". मंदिर पाण्यात जाणं हे देवाला सवयीचं आहे. पण खालच्या वस्त्यांत ज्यांची गादी, फ्रीज, पोरांची दप्तरं भिजतात, त्यांना ते विहंगम वाटत नाही. धरणातून किती वाजता किती क्युसेक सोडणार हे त्यांना रात्री दोनला भोंग्यावरून कळू नये. दिवसाउजेडी, आठ-दहा तास आधी कळावं. जलाशय परिचलन सूची नावाची गोष्ट असते. कुठल्या तारखेला धरण किती भरू द्यायचं ते तीत ठरलेलं असतं. ती लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे?

तर मागण्या. रडून झालं, आता कामाचं.

एक. दर सोमवारी महापालिकेने आणि जलसंपदा विभागाने मिळून चार ओळी जाहीर कराव्यात: पवनेत साठा किती, रोज उचल किती, या वेगाने कोणत्या तारखेपर्यंत पुरेल, आणि पाऊस १५ ऐवजी ३१ जुलैला आला तर काय करणार. चार ओळी. त्याला सल्लागार कंपनी लागत नाही.

दोन. दिवसाआड पाणी कधी संपणार, याची तारीख. भामा आसखेडचं पाणी आल्यावर रोज देणार असाल तर तसं लिहून द्या. देणार नसाल तर तेही लिहून द्या. २०२५ मध्ये महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होता, वॉर्डात नगरसेवक नव्हता. म्हणजे जाब विचारायला दार नव्हतं. निदान कागद तरी हातात द्या.

तीन. नव्या प्रकल्पाला परवानगी देताना पाणी कुठून येणार ते स्पष्ट लिहा. "टँकरने" हे उत्तर नाही.

चार. नदीकाठच्या वस्त्यांसाठी विसर्गाची सूचना, निवाऱ्याच्या शाळांची यादी, आणि जबाबदार माणसाचं पद व नंबर, हे सगळं ३१ मे च्या आत वस्तीत फलकावर.

आणि पाचवी मागणी आपल्या स्वतःकडे. आमच्या सोसायटीची गच्ची साधारण हजार चौरस मीटर आहे. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर. वीस टक्के वाया गेला धरा. ५,६०,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर छप्पन्न टँकर. सगळं साठवता येत नाही, पण जमिनीत जिरवता येतं, बोअरला येतं. परवानगी घेताना बिल्डरने दाखवलेलं ते रेनवॉटर हार्वेस्टिंग आता कुठे आहे, हे मी मागच्या महिन्यात शोधायला गेलो. पाइप होता. तो सरळ ड्रेनेजच्या झाकणाखाली जात होता. आम्ही सगळे सात वर्षं त्या झाकणावर गाड्या लावतोय. मे महिन्यात प्लंबर बोलावलाय. तुमच्याकडेही एकदा वाकून बघा.

म्हणजे बघा मंडळी, सिमला ऑफिसातली माणसं दीडशे वर्षं बर्फ, समुद्र, वारा मोजत आपल्याला सांगतायत की हंगाम कसा जाईल. चुकतात, सुधारतात, पुन्हा सांगतात, आणि चूक किती होऊ शकते हेही आधीच सांगतात. अंदाज वर्तवणाऱ्या माणसाकडून आणखी काय हवं? मला आता त्यांच्याकडून नाही, इथल्या कारभाऱ्यांकडून तेवढाच प्रामाणिक अंदाज हवाय. पाच टक्के इकडे-तिकडे चालेल.

त्या काकांना मी सांगितलंय, टँकरचं पाकीट या वर्षीही बाजूला काढून ठेवा. ते म्हणाले, "आणि नाही लागलं तर?" म्हटलं, तर दिवाळीत त्याच पैशांत सोसायटीला जेवण घालू. त्यांनी अंगठा दाखवलाय.

तुमच्या भागात पाणी किती वेळ आणि किती दाबाने येतं, टँकर लागतो का, गच्चीचा पाइप कुठे जातो, ते खाली लिहा. नुसतं "छान पोस्ट" नको. वेळ आणि भागाचं नाव लिहा. सगळं एकत्र करून मे महिन्यात निवेदन द्यायचं आहे.